शब्दचर्चा: दुकानातली गाणी – ‘स्त्रियांना आक्षेपार्ह’ की ‘स्त्रियांचा अपमान करणारी’? (मंचावरचा धागा; प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

तळटीप

कपड्यांचं दुकान, सलून, जिम, मोबाइल दुरुस्तीचा गाळा, कुठेही मोठ्या आवाजात लावलेल्या गाण्याबद्दल मराठीत तक्रार लिहायला घेतली की गाडी पहिल्या विशेषणाशीच अडते. इंग्रजीत ‘ऑफेन्सिव्ह टू विमेन’ म्हटलं की भागतं, कारण त्यात दोन अर्थ एकमेकांना धक्का न लावता राहतात: स्त्रियांना खटकणारं, आणि स्त्रियांचा अपमान करणारं. मराठीत प्रत्यय ठरवल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही.

‘स्त्रियांना आक्षेपार्ह’ ही रचना मुळात लंगडी आहे. आक्षेपार्ह म्हणजे आक्षेप + अर्ह, आक्षेप घेण्याजोगं. ते ‘ना’ घेत नाही. ‘वाटणारं’ जोडावं लागतं. आणि ‘स्त्रियांना आक्षेपार्ह वाटणारं’ म्हटलं की दुकानदाराला उत्तर तयार: माझ्या बायकोला नाही वाटत. ‘स्त्रियांचा अपमान करणारं’ म्हटलं की गाण्यात नेमकं काय आहे ते दाखवावं लागतं. मग ऐकणारी बाई आहे की बाप्या, हा प्रश्न मागे पडतो.

विचारायचं असं: अश्लील, बीभत्स, उत्तान, चावट, द्व्यर्थी, अवमानकारक, यांतला कुठला शब्द कुठे बसतो?

पाणिनीचा शेजारी

अश्लीलपासून सुरुवात करू. हा शब्द ‘अश्रील’वरून आलेला, र चा ल झालेला. श्री नाही ते, म्हणजे शोभा नसलेलं. संस्कृत काव्यशास्त्रात तो दोषाचं नाव आहे आणि मम्मटाने काव्यप्रकाशात त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: व्रीडा (लाज), जुगुप्सा (किळस) आणि अमंगल सुचवणारे शब्द. म्हणजे शुभप्रसंगी मरणाची आठवण करून देणारा शब्दही जुन्या अर्थाने अश्लीलच. आजच्या मराठीत अमंगल गळून पडलं, किळस ‘बीभत्स’कडे गेली आणि अश्लीलच्या वाट्याला फक्त लाज उरली.

आता या तिन्हींत अपमान कुठे आहे? कुठेच नाही. म्हणून दुकानातल्या गाण्याला नुसतं ‘अश्लील’ म्हणणं अपुरं पडतं. तो शब्द ऐकणाऱ्याच्या लाजेबद्दल बोलतो. गाण्यातल्या बाईला कसं वागवलंय त्याबद्दल बोलत नाही.

बाकीचे शब्द भराभर. उत्तान: मूळ अर्थ उताणा, वर तोंड केलेला, त्यावरून झाकलेलं काही न ठेवणारा शृंगार. ‘एक्सप्लिसिट’ला मराठीत सर्वांत जवळचा शब्द हाच, ‘स्पष्ट’ अजिबात नको, स्पष्ट गाणी म्हणजे उच्चार नीट कळणारी गाणी. चावट: यात सूट दडलेली आहे. सलगीतल्या माणसालाच आपण चावट म्हणतो, तेही अर्धं हसत. तक्रारीत ‘चावट गाणी’ लिहिलंत की वाचणारा हसला आणि तक्रार संपली. द्व्यर्थी: हा दोष नव्हे, तंत्र आहे. द्व्यर्थी गाणं अपमान करणारं असेल किंवा नसेल.

काउंटरमागे

गाण्यांच्या अ‍ॅपवर गाण्यापुढे छोट्या चौकटीत ‘ई’ (एक्सप्लिसिट) येतो, तो अश्लील/अपमानकारक यांतल्या कशाचा निदर्शक?

डेसिबल

बहुतेक वेळा नुसत्या शब्दांचा. या चिन्हाचा पूर्वज म्हणजे अमेरिकेतली पालकांना सावध करणारी चिठ्ठी. तिथल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी ती १९८५ मध्ये मान्य केली, काळ्यापांढऱ्या ठशाचं एकसारखं रूप १९९० मध्ये आलं. आजचं ‘ई’ चिन्ह गाणं चढवणारी कंपनी किंवा वितरक स्वतः लावतो. तिथून पुढच्या अडचणी सगळ्या त्यातूनच निघतात.

‘उत्तान मजकूर नको’ हे बटण चालू केलं की अ‍ॅप फक्त चिन्ह असलेली गाणी गाळतं. इंग्रजी गाण्यांत शिवी असली की चिन्ह सहसा असतं. हिंदी, पंजाबी, हरियाणवी, भोजपुरी गाण्यांत ते कित्येकदा कुणी लावलेलंच नसतं. द्व्यर्थी ओळ तर चाळणीतून सरळ जाते, कारण तिच्यातला प्रत्येक शब्द सुटा घेतला तर सोवळा. ‘ती नाही म्हणते म्हणजे हो म्हणते’ अशा आशयाच्या ओळीत शिवी नाही, अवयव नाही, चिन्ह नाही. अपमान मात्र पुरेपूर.

दुसरी गडबड ‘स्वच्छ’ आवृत्तीची. त्यात शब्द पुसून तिथे शांतता किंवा टूं आवाज ठेवतात. ताल चालूच राहतो, यमक आधीच्या ओळीत पडलेलं असतं, त्यामुळे गाळलेली जागा ऐकणारा मनात भरतो. शिवी गेली, आशय जसाच्या तसा.

तिसरी गडबड यादी संपल्यावरची. दुकानदाराने चाळीस गाणी नीट निवडून ठेवली तरी ती अडीच-तीन तासांत संपतात आणि अ‍ॅप ‘यासारखी’ गाणी आपणहून लावत सुटतं. ‘आपोआप वाजवणे’ बंद करून यादी ‘पुन्हा पुन्हा’वर ठेवली तर हे टळतं. अकरा तास उघड्या दुकानाला शंभर-सव्वाशे गाण्यांची यादी हवी, एरवी तेच गाणं दिवसात चारदा येतं आणि काउंटरवरच्या माणसांचं डोकं उठतं. स्पीकर ब्लूटूथवर असेल तर तो एकाच फोनशी जोडून बाकी जोडण्या काढून टाकाव्यात, कारण ‘कोणी लावलं?’ या प्रश्नाला ‘माहीत नाही’ हे उत्तर तिथूनच जन्मतं.

पाणिनीचा शेजारी

म्हणजे यंत्र शब्दकोश वाचतं, व्याकरण वाचत नाही. अपमान ओळखायला व्याकरणच लागतं. कसोटी साधी आहे: ओळीतल्या क्रियापदाचा कर्ता कोण? शृंगारिक लावणीत बाई स्वतः बोलते, मागते, रुसते, टोमणा मारते. ती कर्ता आहे. लावणी उत्तान असू शकते, अपमानकारक असेलच असं नाही. याउलट जिथे बाई फक्त कर्म आहे (तिला बघितलं, उचललं, चाखलं, नेलं) आणि उपमा गाडीची, बाटलीची, खाण्याच्या पदार्थाची आहे, तिथे एकही अश्लील शब्द नसताना अपमान आहे.

आडनाव कशाला

कसोटी छान, पण गळकी. कर्ता बाई असली तरी ओळ लिहिणारा पुरुष असू शकतो, आणि बाईच्या तोंडून ‘मी अमुकसारखी चविष्ट’ म्हणवून घेतलं तर? तुमच्या व्याकरणात ती उत्तीर्ण.

पाणिनीचा शेजारी

मान्य. तिथे उपमान बघायचं. ‘मी वस्तू आहे’ असं बाईच म्हणत असेल तर कर्तेपण नावापुरतं.

वकिली मराठी

कायद्याच्या मराठीत हेच शब्द वेगळे वागतात, ते गोंधळ न करता बघू.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिचं कलम २९६ (जुन्या भारतीय दंड विधानाचं २९४) म्हणजे सार्वजनिक जागी किंवा तिच्याजवळ अश्लील गाणं गाणं, म्हणणं, अश्लील शब्द उच्चारणं, शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात ‘इतरांना त्रास होईल अशा रीतीने’ ही अट आहे. म्हणून जबाबात ‘गाणं अश्लील होतं’ एवढ्यावर थांबू नये. ‘त्याचा मला त्रास झाला’ हे वाक्य हवंच. शिवाय कलमातली क्रियापदं गाणं, म्हणणं, उच्चारणं अशी आहेत. ध्वनिमुद्रित गाणं वाजवणं त्यांत बसतं का, यावर समोरचा वकील वाद घालणारच.

कलम ७९ (जुनं ५०९): स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने शब्द, आवाज, हावभाव. तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड. दिवसभर चालणारी यादी इथे सहज बसत नाही. विशिष्ट मुलगी आत आली की विशिष्ट गाणं लावणं बसू शकतं.

वर्तमानपत्रं दोन्हीला ‘विनयभंग’ म्हणतात, ते चूक. विनयभंग कलम ७४ मध्ये आहे आणि त्याला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. गाण्याच्या तक्रारीत हा शब्द घातला तर तक्रारच हलकी होते.

आणखी एक. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी घालणारा १९८६ चा कायदा गाण्यासाठी पुढे केला जातो. त्यातली व्याख्या स्त्रीची आकृती, देह कसा दाखवला याबद्दल आहे. नुसत्या कानावर पडणाऱ्या ओळीला तो लावणं कठीण. दुकानातल्या पडद्यावर चित्रफीत चालू असेल तर गोष्ट वेगळी.

पाणिनीच्या शेजाऱ्यांसाठी खास: सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये बंगाली लेखक समरेश बसू यांच्या खटल्यात ग्राम्य आणि अश्लील यांत भेद केला. ग्राम्य लिखाणाने किळस येते, कंटाळाही येतो, पण तेवढ्याने ते अश्लील ठरत नाही. मम्मटाने जुगुप्सा अश्लीलच्या पोटात घातली होती, न्यायालयाने बाहेर काढली. २०१४ च्या अवीक सरकार निकालाने इंग्लंडची जुनी हिक्लिन कसोटी (सहज बिघडू शकणाऱ्या मनावर काय परिणाम होईल ते बघणारी) बाजूला ठेवून समकालीन समाजाच्या मापाने बघायचं ठरवलं.

घोडबंदर

‘अपमान’ या बाजूचं शब्दार्थाचं उदाहरण ठाण्यातलंच आहे. २००९ च्या एका भांडणात शेजाऱ्याने एका बाईला ‘छम्मकछल्लो’ म्हटलं. २०१७ मध्ये ठाण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी तो कलम ५०९ खाली गुन्हा धरला: न्यायालय उठेपर्यंत कैद आणि एक रुपया दंड. या शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द नाही, भारतीय समाजात तो स्त्रीला हिणवायला वापरतात, असा अर्थ न्यायालयानेच लावला. शब्दचर्चाच ती, फक्त आठ वर्षं चालली!

मुंबईत २०२२ मध्ये विशेष पोक्सो (बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या) न्यायालयाने मुलीला ‘आयटम’ म्हणणं हे तिला वस्तू समजणं आहे असं म्हटलं. त्यात केस ओढल्याचाही भाग होता. शिक्षा दीड वर्ष.

दोन्ही शब्द गाण्यांतून सर्रास वाजतात. तोंडावर म्हटलं तर गुन्हा आणि स्पीकरमधून आलं तर मनोरंजन, हा फरक शब्दाचा नाही, रोख कोणाकडे याचा आहे.

काउंटरमागे

गिऱ्हाईक पंधरा मिनिटांत बाहेर पडतं. काउंटरवरच्या मुली नऊ-दहा तास तिथेच. त्यांच्यासाठी कुठला शब्द?

वकिली मराठी

‘नकोसं’. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात लैंगिक स्वरूपाची शारीरिक, शाब्दिक किंवा निःशब्द नकोशी वर्तणूक येते. ‘अस्वागतार्ह’ असा जडजंबाल शब्दही वापरतात, पण ‘नकोशी’ अचूक आहे. तो समाजाच्या लाजेचं माप लावत नाही, जिच्याशी वर्तन झालं तिला विचारतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर दुकानात अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. मुदत तीन महिने, शेवटच्या घटनेपासून. गाणं ‘नको’ असं आधी मालकाला लेखी किंवा संदेशाने कळवलेलं असेल तर नंतरचा प्रत्येक प्रसंग अधिक वजनदार ठरतो.

हा ‘ना’ आणि ‘चा’ यांचा वाद अमेरिकेत थेट न्यायालयात गेला होता. नेवाडा राज्यात कपड्यांच्या एका गोदामात मोठमोठे स्पीकर, काही तर फोर्कलिफ्टवर चढवलेले, आणि त्यांवर स्त्रियांबद्दल हिंसक, घाणेरडी गाणी. सात स्त्रिया आणि एका पुरुषाने दावा लावला. मालकाची बाजू अशी की गाणी सगळ्यांनाच ऐकू जातात, पुरुषांनाही खटकतात, मग भेदभाव कसला? अपील न्यायालयाने जून २०२३ मध्ये ती फेटाळली: सगळ्यांना ऐकू गेलं म्हणून स्त्रियांचा अपमान नाहीसा होत नाही, आणि गाणं कुणा एकीला उद्देशून असावं लागत नाही. दावा पुढे चालू द्या, असा तो निकाल.

तळटीप

म्हणजे ‘चा’च जिंकला.

एक क्रियापदही सोडू नये. मराठीत ‘ऐकणं’ वेगळं, ‘ऐकू येणं’ वेगळं आणि ‘कानावर पडणं’ वेगळं. पहिल्यात इच्छा आहे, शेवटच्यात नाही. दुकानातलं गाणं ‘ऐकलं’ असं तक्रारीत लिहू नका. ‘मग ऐकलंत कशाला?’ हा प्रश्न वाटच बघत असतो.

आतापर्यंतच्या चर्चेवरून मालकाला द्यायचा मसुदा:

‘दि. … रोजी सायंकाळी ६ ते ७ या वेळेत आपल्या दुकानातील ध्वनिक्षेपकावर “…” हे गाणे दोनदा वाजवण्यात आले. त्यातील “…” ही ओळ दुकानातील सर्वांच्या कानावर पडत होती. या ओळीत स्त्रीचा नकार हा होकार मानला आहे. तो स्त्रियांचा अपमान आहे. हे गाणे यादीतून काढावे, यादी संपल्यावर आपोआप गाणी लागण्याची सोय बंद करावी आणि यादी कोण ठरवते ते कळवावे.’

डेसिबल

आवाज मोठा असेल तर तो मजकूर वेगळ्या कागदावर. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये व्यापारी भागाला दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल, निवासी भागाला ५५ आणि ४५. दोन्ही एकाच अर्जात घातलं की आवाज थोडा कमी करतात, तेच गाणं चालू ठेवतात आणि ‘तक्रारीचे निराकरण झाले’ असा शेरा येतो.

आडनाव कशाला

‘मानला आहे’ की ‘मानण्यात आला आहे’? गाणारा मानतो ना? मग कर्ता लपवू नका. ‘या ओळीत गाणारा पुरुष स्त्रीचा नकार होकार मानतो.’ पाणिनीचे शेजारी, तुमचीच कसोटी.

पाणिनीचा शेजारी

मसुद्यात बदल करा, तळटीप.

तळटीप

केला.

ऱ्हस्वदीर्घ

अश्लील: ‘श्’ आणि ‘ली’ यांचं जोडाक्षर, वेलांटी एकच आणि ती दीर्घ, ‘अश्लिल’ चूक. बीभत्स: ‘बी’ दीर्घ. द्वि + अर्थी = द्व्यर्थी; ‘द्विअर्थी’ हिंदीतून आलंय. ध्वनिक्षेपक: ‘नि’ ऱ्हस्व. स्त्री दीर्घ, पण स्त्रियांचा ऱ्हस्व. या धाग्यात अजून कोणी ‘स्त्रीयांचा’ लिहिलेलं नाही, नोंद केली आहे.