मदत हवी आहे: बीसी५४७ ट्रान्झिस्टरचं बायसिंग (सिग्नल नसतानाचे व्होल्टेज ठरवणं), माईकच्या प्रीअँपसाठी

नमस्कार मंडळी. कंडेन्सर माईकसाठी एका ट्रान्झिस्टरचा प्रीअँप (माईकचा बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट) करतोय. सप्लाय १२ व्होल्ट, कलेक्टरला २.२ के (किलोओम) रेझिस्टर. (कलेक्टर, बेस, एमिटर हे ट्रान्झिस्टरचे तीन पाय.)

आधी आळस केला, बेसला सरळ १ मेगचा (मेगओम) एकच रेझिस्टर लावला. बीसी५४७बी होता तोवर कलेक्टरवर ७ व्होल्ट, छान. तो जळला, दुकानदाराने ५४७सी दिला आणि मीटर ०.२ वर! सी प्रकाराचा बीटा (बेसचा करंट कलेक्टरला किती पट होतो तो आकडा) ४२० च्या पुढेच, म्हणजे सॅच्युरेशन (ट्रान्झिस्टर पूर्ण चालू, सिग्नलला जागाच नाही). बीच्या वेळीही तापलेलं सोल्डरिंग आयर्न नुसतं जवळ नेलं तरी व्होल्टेज घसरताना दिसायचं.

मग शहाणा झालो. बेसला ४७ के आणि १० के चा डिव्हायडर (सप्लाय विभागून बेसला ठरावीक व्होल्टेज देणारे दोन रेझिस्टर), एमिटरला ६८० ओम. आता दोन्ही ट्रान्झिस्टरवर कलेक्टर ७.३ च्या आसपास राहतो. पण गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) जेमतेम ३. एमिटरला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की गेन भरपूर, पण जवळून बोललं की आवाज फाटतो.

मला गेन २० पुरे. एमिटरच्या रेझिस्टरचे १०० आणि ५६० ओम असे दोन भाग करून फक्त ५६० ला कपॅसिटर लावला तर चालेल ना?

खरी अडचण पुढे आहे. माईकला १० के चा लोड आहे आणि त्याला पुढे डिव्हायडरच सुमारे ८ के दिसतो (दोन्ही रेझिस्टर समांतर), म्हणजे निम्म्याहून जास्त सिग्नल तिथेच जातो. डिव्हायडर ४७० के/१०० के केला तर पुन्हा बीटाचं रडगाणं सुरू होईल का? की मधलं काही, २२० के/४७ के? कोणी प्रत्यक्ष लावून पाहिलं असेल तर मोजलेले व्होल्टेज सांगा.