मदत हवी आहे : एनसीसीच्या नकाशावाचनासाठी तोफखान्यातले निवृत्त उस्ताद (प्रशिक्षक)

नमस्कार मंडळी. अंबाजोगाई-परळी भागातल्या आर्मी विंगच्या कॅडेट्ससाठी विचारतोय.

एएनओ (असोसिएट एनसीसी ऑफिसर) हे कॉलेजचेच प्राध्यापक असतात. कामठीच्या अकादमीत प्रशिक्षण घेतलं तरी पलटणीतली नोकरी त्यांच्या वाट्याला आलेली नसते. ती पीआय (पर्मनंट इन्स्ट्रक्टर) स्टाफकडे, म्हणजे बटालियनकडून येणाऱ्या सुभेदार-हवालदारांकडे असते. म्हणून उस्ताद मूळ कुठल्या शाखेचे, हे विचारावंच. इन्फंट्रीचे असले की ड्रिल आणि हत्यार चोख होतं. नकाशा मात्र तोफखानावाल्यांच्या रोजच्या हाताखालचा. सहा आकडी ग्रिड, म्हणजे नकाशावरची जागा सांगणारे आकडे, चुकलं तर गोळा भलतीकडेच पडतो, ही धास्ती त्यांच्या शिकवण्यात उतरते.

पोरं अडतात ती ठरलेल्या जागी. आधी ईस्टिंग (पूर्वेकडे मोजायचे आकडे), मग नॉर्दिंग (उत्तरेकडे मोजायचे), हा क्रम उलटा होतो. १:५०,००० च्या नकाशावर २ सेंमी म्हणजे १ किमी, हे पाठ असतं. पण रोमर (ग्रिडच्या चौकोनाचे दहा भाग मोजायची पट्टी) न लावता नजरेनेच दहावा भाग धरतात आणि जागा १००-२०० मीटर सरकते. बॅक बेअरिंगला (उलट दिशेच्या कोनाला) १८० कधी मिळवायचे, कधी वजा करायचे, यात गोंधळ. खिशात मोबाईल ठेवून प्रिझमॅटिक कंपास धरला तर सुई हलते, तेही कुणी सांगत नाही.

एनसीसीचं 'सी' सर्टिफिकेट हातात असलं, त्यात किमान 'बी' ग्रेड आणि पदवीला ५० टक्के असले, तर लेखी परीक्षेविना एसएसबीचं, म्हणजे लष्करी अधिकारी निवडणाऱ्या मुलाखतीचं, दार उघडतं. एवढी मोठी संधी आहे, म्हणून कळकळ.

बीड, लातूर, परभणीकडे तोफखान्यातले कुणी निवृत्त हवालदार किंवा सुभेदार साहेब रविवारी दोन तास देतील का? आणि बाहेरच्या उस्तादांना कॉलेजात बोलवायला बटालियनच्या सीओंची (कमांडिंग ऑफिसरांची) परवानगी कशी घेता, अर्ज एएनओंमार्फत की प्राचार्यांच्या सहीने?