बासची रॉड, मरळाचं तळं: लूर आणि दोरी कशी जुळवू?

रामबागकर
नमस्कार मंडळी. माझा भाचा टेक्ससला असतो, तिकडे बास नावाचा गोड्या पाण्यातला मासा पकडतो. दिवाळीला इंदूरला आला तेव्हा माझ्यासाठी त्याची जुनी रॉड, रील आणि लूरचा, म्हणजे खोट्या आमिषांचा, एक डबा ठेवून गेला. रॉडवर मुठीच्या वर बारीक अक्षरांत लिहिलंय: ७ फूट, मीडियम हेवी, फास्ट, लूर ३/८ ते १ औंस, लाइन १२ ते २० पौंड. रील बेटकास्टर आहे, म्हणजे रॉडच्या वर बसणारी. दोरी संपली होती, म्हणून मी इथून ८ पौंड ओढ झेलणारा तंगूस, म्हणजे साधी नायलॉनची दोरी, आणून भरला.

महूच्या पुढे मित्राच्या शेतात तळं आहे. एका कडेला कमळाची पानं, खाली दाट शेवाळ, आणि मरळ भरपूर. मी लहानपणी वडिलांबरोबर चोरलला बांबूच्या काठीनं गळ टाकलाय, रील मात्र पहिल्यांदाच हातात आली. दोन अडचणी आहेत. डब्यातले बोटाच्या पेराएवढे छोटे लूर टाकले की दहा-बारा फुटांवरच पडतात आणि रीलवर दोरीचा गोळा होतो. सोडवायला पाऊण तास लागतो. दुसरी अडचण म्हणजे रबरी बेडकावर दोनदा मोठा मरळ आला, पानांत शिरला आणि दोन्ही वेळा दोरी तुटली. दोन बेडूक गेले, आणि मासा तोंडात हूक घेऊन गेला ह्याचं जास्त वाईट वाटलं. दोरी बदलू, लूर बदलू की रॉडच?

नर्मदाकाठ
रामबागकर, रॉड बदलू नका, उत्तम आहे. उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे, त्या बारीक अक्षरांत. ३/८ औंस म्हणजे साधारण १०.५ ग्रॅम आणि १ औंस म्हणजे २८. ह्या दोन आकड्यांच्या मधलं वजन टोकाला असलं तरच ही रॉड नीट वाकते, आणि वाकून सरळ होताना लूर फेकते. तुमचे छोटे लूर १/८ औंसाचे असावेत, म्हणजे साडेतीन ग्रॅम. त्यांनी ही रॉड हलतही नाही, मग सगळा जोर मनगटानं लावावा लागतो.

गोळा का होतो तेही सांगतो, कारण हे कळलं की निम्मं काम झालं. संक्रांतीला पतंगाला ढील देताना चकरी जोरात फिरत असते, आणि पतंग मध्येच थांबला तर चकरी फिरतच राहते, मांजा तिच्याभोवती फुगतो. अगदी तेच. बेटकास्टरचा स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेली चकरी, लूरच्या ओढीनं फिरतो. हलका लूर हवेत लगेच मंदावतो, स्पूल मंदावत नाही. स्पिनिंग रीलचा स्पूल फेकताना जागचा हलत नाही, दोरी कडेवरून सुटत जाते. म्हणून हलके लूर त्या रीलवर टाकायचे.

आता रील लावून घ्या. १/२ औंसाचा बेडूक टोकाला बांधा, रॉड समोर आडवी धरा आणि अंगठा स्पूलवर ठेवून बटण दाबा. अंगठा हळूच उचला. बेडूक सावकाश खाली यायला हवा आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबायला हवा. धाडकन पडला तर हँडलच्या बाजूची छोटी गोल चावी थोडी आवळा. दुसऱ्या बाजूच्या ब्रेकची चकती सुरुवातीला जास्तीवर ठेवा, हात बसला की रोज एकेक घर कमी करा. आणि लूर पाण्याला लागायच्या क्षणी अंगठा स्पूलवर हवाच.

दोरीचं म्हणाल तर कमळाच्या पानांत ८ पौंडाचा तंगूस चालणारच नाही. नायलॉन ताणतो. मासा तोंड मिटतो, तुम्ही झटका देता आणि अर्धा झटका ताणातच जातो. तेवढ्यात मासा देठांत गुंडाळला जातो. बेडकासाठी ५० पौंडाची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, भरा. रॉडवर २० लिहिलंय म्हणून घाबरू नका, तो आकडा साध्या नायलॉनच्या हिशेबानं असतो, आणि ५० ची ब्रेड जाडीला साधारण १२ पौंडाच्या नायलॉनएवढीच असते. ड्रॅग, म्हणजे किती ओढ बसल्यावर रील दोरी सोडेल ते, मात्र रॉडच्या आकड्याला धरून लावा. वीस पौंडाचा तिसरा हिस्सा म्हणजे तीन किलो. लटकवायचा काटा दोरीला बांधून ओढून बघा. ब्रेड थेट स्पूलवर गुंडाळू नका, आख्खी घसरते. खाली आठ-दहा मीटर तुमचा तोच तंगूस राहू द्या.

ब्रेड अडकली तर हाताला गुंडाळून ओढायची नाही. माझ्या तर्जनीवर बारा वर्षांपूर्वीचा वण अजून आहे, बडवाहजवळ खडकात स्पून, म्हणजे चमच्यासारखा लूर, अडकला होता. काठीला चार वेढे द्या, रॉड दोरीच्या रेषेत सरळ धरा, मागे चालत जा.

चिमणबाग_ताई
काका, नर्मदाकाठ काकांनी सांगितलं ते बरोबरच आहे, पण दोरी दोन्ही वेळा कुठे तुटली? माशाच्या टोकाला की रॉडजवळ? रॉडजवळ तुटली असेल तर रिंगा, म्हणजे रॉडवर दोरी ओवायच्या कड्या, तपासा. कापसाचा छोटा बोळा प्रत्येक रिंगमधून आतल्या कडेनं गोल फिरवा. चीर डोळ्यांना दिसत नाही, पण कापसाचे तंतू तिथे अडकतात. वापरलेली रॉड सामानात कोंबून आणली की हे होतंच.

डब्यातले प्लास्टिकचे ओठ असलेले क्रँकबेट, ज्यांना तीन काट्यांचे हूक असतात, ते ह्या कडक रॉडवर लावू नका. ते छोटे हूक माशाच्या ओठात वरवर लागतात, कडक टोकानं झटका दिला की सुटून येतात. त्यांना मऊ, मधूनच वाकणारी रॉड आणि ताणणारा तंगूसच हवा. तुमचा ८ पौंडाचा उरलेला तंगूस इथे कामाचा आहे. बारीक दोरीवर क्रँकबेट खोलही जातो. एक ६.५ फुटी मीडियम लाइट स्पिनिंग रॉड आणि २५०० नंबरची रील घ्या, मग डब्यातलं निम्मं सामान उपयोगी पडेल. पॉपरला, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या लूरला, फ्लोरोकार्बन बांधू नका, ती दोरी बुडते आणि पॉपरचं नाक खाली ओढते.

नर्मदाकाठ
ताईंनी कापसाचं छान सांगितलं, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

एक मात्र कळकळीनं सांगतो. आपल्याकडे बास नाही, पण मरळ त्याच्यासारखाच आडोशाला दबा धरून बसतो, म्हणून त्याचे लूर इथे चालतात. मरळाची एक गोष्ट मात्र जपायला हवी. पाण्यावर लालसर-केशरी पिल्लांचा थवा बुडबुडताना दिसला तर त्याच्या खाली आईबाप राखण करत असतात. तिथे बेडूक टाकला तर ते हमखास येतात, भुकेनं नाही, पिल्लांसाठी येतात. ते गेले की पिल्लांचा थवा इतर मासे संपवतात. तिथे गळ टाकू नका. आपल्या मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते ती ह्याच विणीसाठी.

रामबागकर
तुम्हा दोघांचे मनापासून आभार. रविवारी ५० ची ब्रेड भरून गेलो. अंगठ्याचं अजून जमतंय-न-जमतंय, पण गोळा दिवसात दोनदाच झाला आणि बेडूक कमळाच्या पलीकडच्या कडेपर्यंत गेला. सव्वा किलोचा एक मरळ आला. पानावर बेडूक क्षणभर थांबवला, मग खाली ओघळू दिला आणि पाणी फुटलं. ह्या वेळी देठांसकट ओढून आणला. हूक काढून परत सोडला, तळ मारून गेला तो दिसलाच नाही.

ताई, कापूस टोकाकडून तिसऱ्या रिंगमध्ये अडकला. दोरी दोन्ही वेळा रॉडजवळच तुटली होती, तुम्ही विचारल्यावर आठवलं. तशाच रिंगवरून मी ब्रेड चालवली. आता काय करू?

चिमणबाग_ताई
काका, पहिल्या आठ-दहा फुटांची ब्रेड बोटांतून ओढून बघा, खरखरीत लागली तर तेवढी कापून टाका. रिंग बदलता येते. पायाचा जुना दोरा ब्लेडनं वरच्या वर कापा, ब्लेड रॉडला लागू देऊ नका. त्याच मापाची रिंग बसवून नायलॉनच्या दोऱ्यानं घट्ट गुंडाळा आणि वर इपॉक्सीचा पातळ हात द्या. सुकेपर्यंत रॉड हातानं फिरवत राहा, नाहीतर इपॉक्सी एका बाजूला ओघळतं. पूर्ण दिवस वाळू द्या. तोवर त्या रॉडनं टाकू नका.