'ट्रीहाउस ऑफ हॉरर' : तुमच्या मनात घर करून राहिलेली गोष्ट कोणती?

'द सिम्पसन्स' या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेचा पहिला हॅलोविन (31 ऑक्टोबरचा, भुताखेतांच्या सोंगांचा सण) विशेष भाग 25 ऑक्टोबर 1990 रोजी प्रक्षेपित झाला आणि तेव्हापासून प्रत्येक हंगामात 'ट्रीहाउस ऑफ हॉरर' या नावाने ओळखला जाणारा असा एक भाग येत आला आहे. सहसा त्यात तीन स्वतंत्र भयकथा असतात आणि त्यांत जे घडते ते पुढच्या आठवड्यात धरले जात नाही, त्यामुळे सिम्पसन कुटुंबातले वडील होमर, आई मार्ज, मुले बार्ट व लिसा, अगदी तान्ही मॅगीसुद्धा, कोणीही मरू शकते किंवा राक्षस होऊ शकते. एरवी ज्या कुटुंबाला आपण सुरक्षित समजतो, त्याच्यावरचे हे छत्र एका भागापुरते काढून घेतले जाते, हे मला या परंपरेचे खरे बळ वाटते. आपल्याला कोणती गोष्ट भिडली आणि का, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

पुणे

माझे उत्तर पहिल्याच भागातील तिसरी गोष्ट हे आहे. एडगर ॲलन पो यांची 1845 सालची 'द रेव्हन' ही कविता तिथे बरीचशी मूळ शब्दांतच ऐकू येते आणि निवेदनाला जेम्स अर्ल जोन्स यांचा खर्जातला आवाज आहे. होमर हा शोकाकुल प्रियकर, भिंतीवरच्या चित्रातली त्याची दिवंगत प्रेयसी लेनोर म्हणजे मार्ज आणि काळ्या पक्ष्याच्या धडावर बार्टचे डोके. मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. या कवितेतील अंतर्गत यमके आणि पुन्हा पुन्हा येणारे पालुपद विद्यार्थ्यांच्या कानांवर पडावे म्हणून मी हा भाग वर्गात दाखवते, आणि जो लयीचा मुद्दा व्याख्यानात कोरडा राहतो तो पडद्यावर आपोआप पोचतो. मला विशेष आवडतो तो शेवट. लिसाने ही कविता वाचून दाखवल्यावर बार्टला तिच्यात घाबरण्यासारखे काहीच आढळत नाही. पण मुले ज्यात बसून गोष्टी सांगतात त्या झाडावरच्या घराबाहेर लपून सगळे ऐकणारा होमर रात्री अंथरुणात भीतीने जागा राहतो. जुन्या साहित्याची ताकद याहून आदराने कोणत्या विनोदी मालिकेने दाखवली असेल, असे मला वाटत नाही.

नाशिक

मी गणिताचा शिक्षक आहे, त्यामुळे माझी निवड 29 ऑक्टोबर 1995 च्या भागातील 'होमर क्यूब्ड' ही गोष्ट. पॅटी आणि सेल्मा या मेहुण्यांना टाळण्यासाठी होमर पुस्तकांच्या कपाटामागे लपतो आणि तिसऱ्या मितीत जाऊन पडतो. तिथले त्याचे घनरूप पॅसिफिक डेटा इमेजेस या कंपनीने संगणकावर घडवले होते, आणि तेही 'टॉय स्टोरी' हा पूर्णपणे संगणकावर बनलेला पहिला चित्रपट चित्रपटगृहांत येण्याच्या काही आठवडे आधी. त्या पोकळीत होमरच्या मागे एक समीकरण तरंगत जाते : 1782 चा बारावा घात अधिक 1841 चा बारावा घात बरोबर 1922 चा बारावा घात. हे खरे असेल तर फर्माचा शेवटचा सिद्धांत कोसळतो, कारण दोनपेक्षा मोठ्या घातासाठी धन पूर्णांकांत अशी बेरीज जुळूच शकत नाही, असे तो सांगतो. आणि अँड्र्यू वाइल्स यांची त्या सिद्धांताची सिद्धता तर त्याच वर्षी प्रसिद्ध झालेली होती! दहा आकडी कॅल्क्युलेटरवर डाव्या बाजूचे बारावे मूळ काढले तर उत्तर 1922 असेच दिसते. मी हे समीकरण फळ्यावर लिहितो आणि मुलांना ते तपासायला सांगतो. कॅल्क्युलेटर घेतलेली मुले ते बरोबर असल्याचे ठामपणे सांगतात, आणि मग एखादी मुलगी उठून म्हणते की सम संख्येचा घात सम, विषमचा विषम, म्हणजे डावीकडची बेरीज विषम येणार आणि उजवी बाजू तर सम आहे. एवढ्या साध्या युक्तिवादापुढे यंत्र हरते, तेव्हा वर्गात जो आनंद पसरतो त्यासाठी मी हा तास दर वर्षी राखून ठेवतो. हे समीकरण शोधण्यासाठी लेखक डेव्हिड एस. कोहेन यांनी खास संगणकीय प्रोग्राम लिहिला होता. क्षणभर दिसणाऱ्या एका ओळीसाठी इतकी मेहनत घेणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे.

न्यू जर्सी

1996 च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या तोंडावर आलेला भाग आठवतो. कँग आणि कोडोस हे परग्रहवासी क्लिंटन आणि डोल या दोन उमेदवारांची रूपे घेतात, त्यांचे बिंग फुटते, तरीही दोनच पक्ष असल्यामुळे लोक त्यांच्यापैकीच एकाला निवडून देतात. आमच्या घरी तेव्हा मतदानाचा हक्क कोणालाच नव्हता, पण त्या गोष्टीवरची चर्चा दिवाळीच्या फराळापर्यंत चालली.

ठाणे

'टाइम अँड पनिशमेंट' अजून कोणी कसे लिहिले नाही? 1994 च्या भागातील ही गोष्ट मी स्टार वर्ल्डवर ऐन मे महिन्यात पाहिली, तेव्हा हॅलोविन म्हणजे काय हेही मला ठाऊक नव्हते. होमर बिघडलेला टोस्टर दुरुस्त करतो आणि त्याचे कालयंत्र होते. डायनासोरच्या काळात त्याच्या हातून एक डास मरतो आणि परतल्यावर जग बदललेले असते. एका जगात होमरचा शेजारी फ्लँडर्स सर्वसत्ताधीश आहे. दुसऱ्यात होमर श्रीमंत आहे, मुले आज्ञाधारक आहेत. पण डोनट कोणालाच माहीत नाही, म्हणून तो किंचाळत निघून जातो आणि त्याची पाठ वळताच बाहेर डोनटांचा पाऊस सुरू होतो. शेवटी सरड्यासारख्या जिभांनी जेवणाऱ्या कुटुंबासोबत तो निमूटपणे जेवायला बसतो. मला त्यात भीतीपेक्षा माया अधिक दिसते : इतकी जगे पालथी घातल्यावर त्याला हवी असतात ती हीच चार माणसे, जिभा कशाही असोत.

त्याच भागातील 'नाइटमेअर कॅफेटेरिया'ने मात्र मला खरोखर घाबरवले. शाळेत शिक्षा झालेली मुले एकेक करून स्वयंपाकघरात जातात आणि शिक्षक लठ्ठ होत जातात, हे शाळकरी वयात पाहणे सोपे नव्हते.

बंगळूर

माझी पिढी ॲनिमेवर, म्हणजे जपानी ॲनिमेशनवर, वाढलेली असल्याने माझी निवड 2022 च्या भागातील 'डेथ टोम' ही आहे. 'डेथ नोट'चे हे विडंबन मूळ ॲनिमेवर काम केलेल्या डीआर मूव्ही या कोरियन स्टुडिओनेच चितारले आहे, त्यामुळे लिसाच्या चेहऱ्यावर पडणाऱ्या सावल्याही त्या ॲनिमेतल्यासारख्याच दिसतात. जुने भागच श्रेष्ठ, असे मानणाऱ्यांनी निदान हा एक भाग अवश्य पाहावा.