बीसीएनंतर प्रोग्रामर व्हायचंय, तेही इंदुरात राहून. वर्षभरात काय शिकावं?

रामबागची_ताई
धाकटा भाऊ इथेच बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. जावा बऱ्यापैकी येते, पायथन थोडंफार. भंवरकुआंचे क्लासवाले सहा महिन्यांत ‘फुल स्टॅक’ (वेबसाइटची दिसणारी आणि सर्व्हरची, दोन्ही बाजू) करून देतो म्हणतात. आईबाबांमुळे पुण्याला लगेच जाणं जमणार नाही. सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपनीत किंवा शहरातल्या लहान कंपनीत धड काम मिळावं, तर त्याने कशावर भर द्यावा?

डेटाबेसवाला
ताई, क्लासची फी तूर्त राहू द्या. तिसरी भाषाही नको. जावा, स्प्रिंग बूट (जावात वेब अ‍ॅप बनवायची चौकट), पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) एवढ्यावर त्याने दुकानाच्या उधारीचा एकच प्रोजेक्ट करावा, पण तो पार सर्व्हरवर चालू होईपर्यंत न्यावा. शिक्षण खरं त्यातल्या अडचणींत आहे.

पहिली अडचण रकमेची. डबल या दशांश संख्यांच्या प्रकारात ०.१ अधिक ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ येतं, कारण ०.१ हा आकडा बायनरीत नेमका बसत नाही. रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवावी. जावाचा नेमक्या दशांशांचा प्रकार बिगडेसिमल वापरायचा तर तो स्ट्रिंगवरून (मजकुरावरून) बनवावा. डबलवरून बनवला तर तीच चूक आत येते.

दुसरी वेगाची. टेबलात पाच लाख नोंदी भरून एका दिवसाची उधारी काढायला सांगा. नोंदीच्या वेळेच्या कॉलमवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) आहे, पण अटीत त्या कॉलमला वेळेतून तारीख काढणारं डेट फंक्शन लावलं, तर तो इंडेक्स उपयोगी पडत नाही. क्वेरी कशी चालली ते दाखवणाऱ्या एक्स्प्लेन अ‍ॅनालाइजमध्ये सीक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे अख्खं टेबल वाचणं, दिसेल. अट ‘त्या दिवसाच्या मध्यरात्रीपासून, दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीच्या आधी’ अशी लिहिली की इंडेक्स लागतो. दोन्ही प्लॅन आणि वेळा रीडमीत (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलीत) टाकाव्यात. मुलाखतीत यावरच अर्धा तास बोलता येतं.

दुसरा_राउंड
प्रोजेक्टचं पटलं, पण मोठ्या कंपन्यांची पहिली चाळणी ऑनलाइन परीक्षेची असते, तिथे प्रोजेक्ट कोणी बघत नाही. रोज तासभर अ‍ॅरे, स्ट्रिंग, हॅशमॅप (किल्लीवरून मूल्य शोधणं), सॉर्टिंग, रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) यांचे प्रश्न सोडवावेत. उत्तरं पाठ करणारी मुलं प्रश्न जरा फिरवला की अडकतात. कोड लिहिण्याआधी कागदावर तीन इनपुट तपासावेत: रिकामा अ‍ॅरे, एकच घटक, सगळे घटक सारखे.

बायनरी सर्चमध्ये (क्रमवार यादीत दरवेळी निम्मा भाग वगळत शोधताना) मधली जागा काढताना दोन टोकांची बेरीज करून निम्मी करू नये. बेरीज २१४७४८३६४७ च्या पुढे गेली की जावाचा इंट (पूर्णांकाचा प्रकार) ऋण होतो. डाव्या टोकात दोन टोकांमधल्या अंतराचा निम्मा भाग मिळवावा. हीच चूक खुद्द जावाच्या लायब्ररीत अनेक वर्षं होती, २००६ मध्ये ती चव्हाट्यावर आली. म्हणून ‘चालतंय ना’ म्हणून सोडून देणाऱ्याची मला काळजी वाटते.

कोडवाचक
लहान कंपनीबद्दल: होकार देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. कोड दुसरं कोणी तपासतं का, टेस्ट कोण लिहितं, रात्री सर्व्हर पडला तर कोण बघतं. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर पगार बरा असला तरी तिथे शिकणं मंदावतं. बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) नीट वाचावा, मूळ मार्कशीट कुणाच्याही ताब्यात देऊ नये.

आणि एरर वाचायला शिकू द्या. जावाचा स्टॅक ट्रेस (एरर कुठल्या कुठल्या ओळींतून आली त्याची यादी) लांबलचक दिसतो. मुळाचं कारण बहुधा शेवटच्या ‘कॉज्ड बाय’पाशी असतं. त्याखाली आपल्या पॅकेजची पहिली ओळ शोधावी. एआयकडून कोड घेतला तरी प्रत्येक ओळ का आहे हे सांगता आलं पाहिजे, नाहीतर ती ओळ ठेवू नये.

रामबागची_ताई
मनापासून आभार. तो विचारतोय, पाच लाख नोंदी भरायच्या कशा?

डेटाबेसवाला
पोस्टग्रेसचं जनरेट सिरीज फंक्शन वापरा, एकाच इन्सर्टमध्ये भरतील. तारखा दोन वर्षांत विखुरलेल्या ठेवा. सगळ्या एकाच दिवसाच्या झाल्या तर इंडेक्स असूनही प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा पोस्टग्रेसचा भाग) अख्खं टेबल वाचायचं ठरवेल, आणि त्याचं बरोबरच असेल. भरून झालं की टेबलाची आकडेवारी ताजी करणारं अ‍ॅनालाइज चालवा, मगच वेळ मोजा.