शब्दचर्चा: ‘हेवनली क्रीचर्स’मधल्या मैत्रीला ‘वेडी’ म्हणावं का?

पीटर जॅक्सनचा १९९४चा ‘हेवनली क्रीचर्स’ आमच्या चित्रपट मंडळात दाखवायचा आहे आणि त्याचं परिचयाचं पान मी मराठीत लिहितेय. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला २२ जून १९५४ रोजी खरोखर झालेला खून आणि त्यामागची दोन शाळकरी मुलींची टोकाची मैत्री, असा विषय. पॉलीन पार्कर सोळा वर्षांची, ज्युलिएट ह्यूम पंधराची. ज्युलिएटला दक्षिण आफ्रिकेत पाठवायचं ठरलं. आई आपल्याला तिच्याबरोबर जाऊ देणार नाही, हे पॉलीनला माहीत होतं. दोघींनी त्या आईला व्हिक्टोरिया पार्कमध्ये फिरायला नेलं आणि लांब मोज्यात घातलेल्या अर्ध्या विटेने तिला मारलं.

या मैत्रीला सगळीकडे ‘ऑब्सेसिव्ह’ म्हणतात. मराठीत काय लिहू? ‘वेडी मैत्री’ म्हटलं की कॉलेजातली हसरी जोडगोळी डोळ्यांपुढे येते. ‘झपाटलेली मैत्री’ बरं वाटतंय, पण मन घेत नाही. चित्रपटाच्या नावाचं भाषांतर करावं का, तेही सांगा.

* * *

ताई, ‘झपाटलेली’ नकोच. झपाटणारं काहीतरी बाहेरचं असतं, भूत किंवा समंध, आणि ज्याला झपाटलं त्याच्या हातात काही उरत नाही. ‘पछाडलेली’चंही तेच. या मुलींच्या बाबतीत ते खरं नाही. पॉलीन रोजनिशी लिहायची. तिच्यातलेच उतारे चित्रपटात तिच्या आवाजात ऐकू येतात, आणि खटल्यातही तोच मुख्य पुरावा ठरला. खुनाच्या आधीच्या दिवसांत तिने बेत कसा पक्का होत गेला ते लिहून ठेवलंय. वाळूच्या पिशवीऐवजी मोज्यात दगड घालायचं ठरलं, हेही त्यात आहे. कुणाला न सांगता मेजवानी आखताना वाटावी तशी हुरहुर आपल्याला वाटतेय, असं ती म्हणते. हे हिशोबाने चाललेलं आहे, अंगात आलेलं नाही.

‘नादी लागणे’ही कुणीतरी सुचवेल, म्हणून आधीच सांगतो. या शब्दात एक ओढणारी असते आणि दुसरी ओढली जाणारी. वरवर पाहता ज्युलिएट ओढणारी वाटते. तिचे वडील पदार्थवैज्ञानिक आणि कँटरबरी युनिव्हर्सिटी कॉलेजचे रेक्टर म्हणजे प्रमुख, राहणं इलॅमच्या मोठ्या घरात. पॉलीनचे वडील मासळीच्या दुकानाचे व्यवस्थापक, आई घरात भाडेकरू ठेवणारी. पण आई मेली तर बरं, हा विचार आधी पॉलीनच्या रोजनिशीत दिसतो. ‘पॉलीन ज्युलिएटच्या नादी लागली’ असं लिहिलं तर ते खोटं ठरेल.

मी ‘ध्यास’ म्हणेन. ‘एकमेकींचा ध्यास घेतलेल्या दोन मुली.’ ध्यासात घेणाऱ्याची इच्छा असते, आणि त्यात मुळात वाईट काही नसतं. इथे तेच हवं, कारण या मैत्रीची सुरुवात फार सुंदर आहे. पॉलीनला लहानपणी हाडांचा आजार झालेला, ज्युलिएटची फुप्फुसं कमजोर. दुखण्यात काढलेलं एकटं बालपण दोघींच्या वाट्याला आलेलं. मग दोघींनी मिळून बोरोव्निया नावाचं राज्य रचलं, त्यातले राजेराण्या आणि त्यांची कुळं लिहून काढली. ज्युलिएट क्षयाने इस्पितळात पडली तेव्हा दोघी त्या पात्रांच्या नावाने एकमेकींना पत्रं लिहीत. चित्रपटात ही माणसं मातीच्या मोठ्या पुतळ्यांसारखी चालतात-बोलतात, ते दृश्य आठवा. केट विन्स्लेट आणि मेलनी लिन्स्की दोघींचा हा पहिलाच चित्रपट, आणि तो आनंद त्यांनी इतका खरा केलाय की पुढचं बघवत नाही. ‘विकृत मैत्री’ लिहिलंत तर हा सगळा पूर्वार्ध तुम्ही पानावरून पुसाल.

* * *

‘आसक्ती’ कसा वाटतो?

* * *

नको. मराठीत ‘आसक्ती’ला लगेच शरीराचा वास येतो. १९५४च्या खटल्यात या मुलींच्या जवळिकीवरून बरंच बोललं गेलं, आणि सरकारी वकिलांनी तर त्यांना घाणेरड्या मनाच्या पोरी म्हटलं. आज आपल्या पानावर तीच नजर कशाला आणायची?

‘वेड’बद्दल मला, वकिली करणारी म्हणून, जास्त काळजी वाटते. मराठीत क्रिकेटचं वेड असतं, गाण्याचं असतं, आणि ठाण्याच्या इस्पितळात नेतात तेही वेडच. एरवी ही आपल्या भाषेची श्रीमंती आहे. पण इथे खटला नेमका या एका प्रश्नावर लढला गेला. मारलं कुणी, हा वाद नव्हताच. बचाव पक्षाचे मानसोपचारतज्ज्ञ मेडलिकॉट यांनी ‘फोली आ द्यू’ ही संज्ञा मांडली. फ्रेंच डॉक्टर लासेग आणि फाल्रे यांनी १८७७मध्ये रूढ केलेल्या या संज्ञेचा शब्दशः अर्थ ‘दोघांचं वेड’. सरकारी बाजूच्या डॉक्टरांनी सांगितलं की मुलींना आपण काय करतोय ते कळत होतं आणि ते चूक आहे हेही कळत होतं. ज्यूरीने हे मानलं आणि दोघींना खुनाबद्दल दोषी ठरवलं. आता ‘वेडी मैत्री’ लिहिलं तर नकळत बचावाची बाजू घेतल्यासारखं होईल. पानावर या मुद्द्याचा उल्लेख करायचा असेल तर आपल्या कायद्याच्या मराठीतला ‘मनोविकल’ वापरा. तो फक्त एकच अर्थ सांगतो.

शिक्षेच्या वाक्यालाही जपा. अठरा पूर्ण नसल्यामुळे फाशी देता येत नव्हती, म्हणून ‘अ‍ॅट हर मॅजेस्टीज प्लेझर’ तुरुंगवास झाला. इथे ‘प्लेझर’ म्हणजे मर्जी. ‘राणीची मर्जी असेपर्यंत कैद’ असं लिहा. १९५९मध्ये दोघी सुटल्या.

* * *

‘ध्यास’ घेतला. आणखी दोन अडचणी आहेत. २२ जूनच्या पानाला पॉलीनने ‘हॅपी इव्हेंट’चा दिवस असा मथळा दिलाय. मी ‘आनंदाचा प्रसंग’ केलंय, पण ते फिकं वाटतं. आणि ‘मातृहत्या’ लिहू की ‘मातृवध’?

* * *

ताई, इंग्रजीत ‘हॅपी इव्हेंट’ बाळंतपणाबद्दल बोलताना वापरतात, आपल्या ‘गोड बातमी’सारखं. मुलीने आईच्या मरणाला जन्माचा शब्द लावलाय. तिच्या मनात ते होतं की नाही, त्यात शिरायला नको. पण शब्द तिने निवडलाय आणि तो वाचकापर्यंत पोचायला हवा. ‘गोड बातमी’ मात्र बसत नाही, कारण बातमी कळते, ती आखता येत नाही. मी ‘शुभकार्य’ लिहीन. शुभकार्य ठरवतात, त्याची तयारी करतात, दिवस धरतात. ‘शुभकार्याचा दिवस’ वाचून अंगावर काटा येतो, आणि तो यायलाच हवा.

‘वध’ अजिबात नको. वध कंसाचा होतो, अफझलखानाचा होतो. मारणाऱ्याची बाजू न्याय्य आहे हे त्या शब्दातच गृहीत असतं. पॉलीनची आई ऑनोरा ही पंचेचाळीस वर्षांची, घर चालवणारी, मुलीच्या काळजीने वैतागलेली बाई होती. चित्रपटातही तिला कुठे खलनायिका केलेलं नाही. ‘आईचा खून’ एवढं साधं लिहा.

शीर्षकाचं म्हणाल तर ते पॉलीनच्या कवितेतून आलंय. स्वतःला आणि मैत्रिणीला तिने त्या नावाने गौरवलंय. ‘स्वर्गीय जीव’ केलंत तर मराठी वाचक आधी श्रद्धांजली समजेल. ‘अलौकिक जीव’ जवळचं आहे. या मुलींनी १९५३च्या ईस्टरला पोर्ट लेव्ही इथे ‘चौथं जग’ पाहिल्याचं ठरवलं होतं, कला आणि सुखाने भरलेला, फक्त मोजक्यांना दिसणारा स्वर्ग. या लोकातली नाही ती अलौकिक, म्हणून शब्द चपखल बसतो. चौथ्या जगाला ‘चौथा लोक’ म्हटलंत तर आपल्या त्रैलोक्याच्या पुढचा, असा अर्थ आपसूक येईल. मूळ नाव वर ठेवा, अर्थ कवितेच्या संदर्भासह खाली द्या.

* * *

शेवटचं. ज्युलिएट पुढे अ‍ॅन पेरी या नावाने गुन्हेकथांची नामवंत लेखिका झाली. चित्रपट येण्याच्या सुमारास, १९९४मध्येच ते उघड झालं. २०२३मध्ये ती वारली. ‘अ‍ॅन पेरी उर्फ ज्युलिएट ह्यूम’ लिहिलं तर चालेल?

* * *

चालेल, पण ‘उर्फ’ला पोलिसांच्या यादीचा सूर आहे. शिक्षा भोगून आलेल्या माणसाने नवं नाव घेऊन चाळीसेक वर्षं काम केलं असेल, तर ‘पूर्वाश्रमीची ज्युलिएट ह्यूम’ म्हणा. पॉलीनचंही तपासून घ्या: शाळेत ती पॉलीन रीपर होती. आईवडिलांचं कायदेशीर लग्न झालेलं नव्हतं हे खुनानंतर बाहेर आलं आणि आरोपपत्रात तिला आईचं आडनाव लागलं, पार्कर. शाळेतल्या प्रसंगांबद्दल लिहिताना ‘रीपर’ आणि खटल्याबद्दल लिहिताना ‘पार्कर’ ठेवा, आणि हा बदल का झाला ते एका ओळीत सांगा.