काकापोला जास्त खाऊ घातलं तेव्हा
एकांनी विचारलंय, काकापो इतके कमी उरलेत तर भरपूर खाऊ घालून त्यांची वीण का वाढवत नाहीत? न्यूझीलंडवाल्यांनी हे करून पाहिलंय हो. १९९५ मध्ये या न उडणाऱ्या पोपटांची संख्या ५१ वर आली होती, त्यातही माद्या कमी. पूरक आहाराने माद्या गुटगुटीत झाल्या, पण पिल्लं निघाली ती बहुतेक नर! मग प्रत्येक मादीचं वजन बघून खाणं मोजून द्यायला लागले.

शिवाय नुसत्या खाण्याने भागत नाही. रिमूच्या झाडांना फळांचा बहार येतो त्याच वर्षी हे विणीला लागतात, म्हणजे दोन ते चार वर्षांतून एकदा.

आणि स्वभाव तर काय सांगावा! संकट आलं की जागच्या जागी थिजायचं. आकाशातून बघणाऱ्या गरुडाला त्याने चकवता येत असेल, पण वासावर येणाऱ्या स्टोटपुढे (मुंगसासारखा लहानसा शिकारी) काय चालणार? अंगाला गोडसर वासही येतो वर. म्हणून सगळे पक्षी व्हेनुआ होऊसारख्या शिकारी प्राणी नसलेल्या बेटांवर हलवले. २०२२ मध्ये संख्या अडीचशेच्या आसपास पोचली होती.